जुने बास पार्ट आणि पेडल: घेणाऱ्याने काय बघावं, विकणाऱ्याने काय लिहावं (कोकण किनारा)

आंबोळी

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत, आणि पुढे म्हापसा-मडगावपर्यंत, बासचा (बास गिटारचा) जुना माल सतत हातोहात फिरत असतो. ऑर्केस्ट्रा मोडतो, कोणी मुंबई गाठतं, चर्चच्या कॉयरमध्ये नवा बास येतो, रिसॉर्टवर वाजवणारा चार तारांवरून पाच तारांवर जातो. मग पिकअप (तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी), प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट), पेडल (पायाने चालू-बंद करायचा इफेक्टचा डबा) विकायला निघतात. जाहिरात मात्र सगळ्यांची एकच: 'वर्किंग कंडिशन, फिक्स रेट, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.' त्यातून कळत काहीच नाही.

हा धागा खरेदी-विक्रीचा नाही, तपासणीचा आहे. आपल्या पट्ट्यात मालाचं वय विचारून फारसा उपयोग नसतो. तो समुद्रापासून किती लांब होता, कशात ठेवला होता आणि गेल्या पावसाळ्यात कोणी तो उघडून बघितला का, हे विचारा. कपाटात उघडा पडलेला तीन वर्षांचा ब्रिज घाटमाथ्यावरच्या पंधरा वर्षांच्या ब्रिजपेक्षा जास्त सडलेला असू शकतो.

जाहिरातीत निदान एवढं तरी हवं: पार्टचा पुढून आणि मागून फोटो, शेजारी स्टीलची पट्टी. पिकअप असेल तर मल्टीमीटरचा आकडा दिसणारा फोटो आणि शिल्लक वायरची लांबी. पेडल असेल तर खालचं झाकण काढून आतला फोटो आणि अडॅप्टरच्या पिनजवळचं लेबल. चार स्क्रू काढायला जो तयार नाही त्याच्याशी भावाची बोलणी करू नका.

आता जाणकारांनी एकेक विषय घ्यावा. डागकाम, पिकअप तुमच्याकडे.

डागकाम

घेतो. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा. जाझ बासचा (फेंडर कंपनीचं एक मॉडेल) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप, साधारण ७ ते ८ किलोओहम दाखवतो, प्रिसिजनचा (त्यांचंच दुसरं मॉडेल) दोन तुकड्यांतला पिकअप मिळून १० ते ११ च्या आसपास. कंपनीगणिक फरक पडतो, त्यामुळे ६.८ आला म्हणून नाक मुरडू नका. मीटर आकडा धरतो की नाही, एवढंच बघायचं. स्क्रीनवर नुसता १ किंवा ओएल आलं की कॉइलची तार तुटली. ही तार जेमतेम ०.०६ मिमी जाडीची असते. खारी ओल आत शिरली की तांबं हिरवं पडतं आणि बहुतेक वेळा टोकाला, जिथे बाहेरची वायर जोडलेली असते तिथेच तुटतं. तिथेच तुटलं असेल तर दुरुस्त होतं. आत कुठे असेल तर पुन्हा गुंडाळावं लागतं, आणि मग तो पिकअप पार्ट म्हणूनच विकत घ्यायचा, भंगारच्या भावात.

तुटलेल्या कॉइलमधूनही कधीकधी बारीकसा, पोट नसलेला आवाज येतो. 'वाजतोय की' म्हणून विकणारे याच भरवशावर असतात. कानावर जाऊ नका, मीटर लावा.

पॅसिव्ह (आत बॅटरी-प्रीअँप नसलेला) बास न उघडता मोजायची युक्ती: केबल लावा, दुसऱ्या टोकाच्या जॅकचं टोक आणि दांडा यांना मीटर लावा, टोन पूर्ण उघडा. जाझमध्ये एका पिकअपचा व्हॉल्यूम पूर्ण, दुसऱ्याचा शून्य. दोन २५० किलोओहमचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) समांतर बसतात म्हणून ७.५ चा पिकअप ७.१ च्या आसपास दिसेल. दोन्ही पूर्ण उघडले तर साधारण ३.६. तसं आलं की आतलं वायरिंग बऱ्यापैकी जागेवर आहे. ॲक्टिव्ह बासला ही युक्ती चालत नाही, तिथे जॅकवर प्रीअँप बसलेला असतो.

प्रिसिजनचं वेगळं. दोन्ही तुकडे सिरीजमध्ये असतात. एकाची तार तुटली तर चारही तारा गप्प होतात. दोनच तारा गप्प असतील तर तो तुकडा तुटलेला नसून कुठेतरी शॉर्ट आहे, आणि हे पुष्कळदा वायरची साल निघाल्याने होतं. पाच मिनिटांचं काम. असा 'अर्धा मेलेला' पी पिकअप स्वस्तात मिळाला तर बिनधास्त घ्या.

सुरमई_पाचतार

माहितीपूर्ण! एक शंका. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून जाझचे दोन पिकअप घेतले, वेगळ्या कंपन्यांचे. एकेक लावला तर झकास, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण केले की बास गायब. कोणता खराब?

डागकाम

एकही नाही. ते एकमेकांविरुद्ध फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली. एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा, बास परत येईल. मात्र एक बघून घ्या: त्या पिकअपला धातूची खालची पट्टी किंवा शील्ड असेल आणि ती ग्राउंडच्या वायरला आतूनच जोडलेली असेल, तर आधी ती वेगळी करावी लागेल. नाहीतर पट्टी सिग्नलच्या वायरीला जोडली जाऊन गुणगुणते.

दुसरी गोष्ट, फेज जुळली तरी हम (मागची गुणगुण) जाईलच असं नाही. दोन्ही उघडल्यावर हम जायला एकाचं गुंडाळणं उलटं आणि चुंबकही उलटा हवा. सेटमध्ये ते कारखान्यातूनच तसं येतं. सुटे घेतले तर नशिबावर. म्हणून सेट फोडून विकणाऱ्याकडून एकटा पिकअप घेताना किंमत सेटच्या निम्मी नव्हे, त्याहून बरीच खाली हवी.

मापही बघा. पारंपरिक जाझ सेटमध्ये नेककडचा पिकअप साधारण ९२ मिमी, ब्रिजकडचा ९५. दोन नेककडचे घेऊन बसलात तर ब्रिजच्या खाचेत फट राहते. काही आशियाई बासमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात. विकणाऱ्याला 'नेकचा की ब्रिजचा' विचारू नका, कव्हरची लांबी मोजून पाठवायला सांगा.

खारवट

धातूच्या गंजाचे तीन रंग असतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा.

तांबूस-तपकिरी म्हणजे पोलाद. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते ते ठोकळे) स्क्रू, स्प्रिंग, ब्रिजची वाकवलेली पत्र्याची पट्टी. वरवरचा असेल तर तेल आणि पितळी ब्रशने निघतो, स्क्रू नवे टाकता येतात. घाबरायचं कारण नाही.

हिरवा म्हणजे पितळ किंवा तांबं. पितळी सॅडल हिरवे पडले तरी खालचा धातू शाबूत असतो. घासा, पुसा, लावा.

पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचं ओतकाम. स्वस्त ब्रिज आणि ट्यूनरचे (तार पिळायच्या खुंटीचे) बॉक्स याचे असतात. क्रोम फुगून फोड आलेत आणि फोडाखाली पांढरं आहे, तर आटे आतून पोकळ झालेत. असा ब्रिज ताण धरतो, पण उंची बदलायला गेलात की स्क्रूचे आटे भुकटीसकट बाहेर येतात. फुकट मिळाला तरी नको.

सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू फिरतात का ते समोरच फिरवून बघा. अमेरिकन मालाला इंचाची ॲलन की लागते, जपानी-कोरियन-इंडोनेशियन मालाला मिमीची. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी. तिथे १.५ ची की घातली तर ती बसते, पण सैल, आणि गंजलेल्या स्क्रूचं षटकोनी भोक गोल होऊन जातं. निम्म्या जुन्या ब्रिजची हीच गत झालेली असते. अडकलेला स्क्रू सोडवायचा तर गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट धरा, आणि गरम असतानाच आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग उलट. ब्रिज बासवरून काढूनच हे करा, पॉलिशवर तेल आणि उष्णता दोन्ही नकोत.

भोकांचं माप: फेंडर पद्धतीच्या पाच भोकांच्या पट्टीला गोटो कंपनीच्या २०१ सारखे ब्रिज थेट बसतात. बाकीच्यांना भोकांची अंतरं विचारा. तारांमधलं अंतर बहुतेक चार तारांच्या बासला १९ मिमी असतं, पण स्वस्त बासमध्ये ते कमी असू शकतं, आणि अशा बासवर १९ चा ब्रिज लावला की कडेच्या तारा फ्रेटबोर्डच्या काठाला येतात.

वेताळबांबर्डे

बाबानू, मल्टीमीटर घेतल्याबिगर खंय जाव नकात. 🙂

पॉटबद्दल कोणी बोललंच नाही. किनाऱ्यावरच्या बासमध्ये पहिला जातो तो पॉट आणि जॅक. खरखर आली की घरातला गंजाचा निळा-पिवळा स्प्रे मारला की आठवड्याचं काम होतं.

खारवट

आठवड्याचंच होतं, तेच तर सांगायचंय. तो स्प्रे ओल घालवतो, पण पॉटच्या आतलं घट्ट ग्रीसही धुऊन टाकतो आणि मागे थर ठेवतो. त्यावर धूळ बसते. मग दांडा सैल फिरायला लागतो आणि खरखर दुप्पट. इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तोच वापरा. पॉटच्या अंगावर पायांजवळ फट असते तिथून थोडासा मारा, तीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, वाळू द्या.

डागकाम

आणि मग मीटर लावा. क्लीनरने आवाज तात्पुरता दबतो, घासलेला ट्रॅक भरून येत नाही. मधल्या आणि कडेच्या पायाला मीटर लावून हळू फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा ओएल दाखवून परत आला तर पॉट बदलायचा. २५० किलोओहमचा पॉट पूर्ण उघडल्यावर २०० ते ३०० मध्ये कुठेही असला तरी चालतो, २० टक्के इकडेतिकडे धरलेलंच असतं.

जुना पॉट विकत घेण्यात अर्थ नाही, नवाच घ्या. फक्त तीन गोष्टी जुळवा. ए२५०के की बी२५०के: व्हॉल्यूम आणि टोनला बहुतेकजण ए म्हणजे ऑडिओ टेपर (नॉब फिरवताना कानाला सम वाटणारी चढण) घेतात, ब्लेंडची (दोन पिकअप मिसळायच्या नॉबची) गोष्ट वेगळी. दांडा गुळगुळीत गोल की दातेरी चिरलेला: नॉब त्यावर ठरतो. आणि आट्यांची जाडी: अमेरिकन मापाला सुमारे ९.५ मिमी भोक लागतं, आशियाई छोट्या पॉटला ७ ते ८. मोठा पॉट घ्याल तर कंट्रोल प्लेटचं भोक रुंद करावं लागेल, आणि गंजलेल्या क्रोम प्लेटला ड्रिल लावलं की क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं. ईएमजी कंपनीच्या ॲक्टिव्ह पिकअपला २५ किलोओहमचे पॉट लागतात. जाहिरातीत 'ईएमजी, पॉटशिवाय' लिहिलं असेल तर तो खर्च धरून बोला.

लो-बी

नेक, म्हणजे बासची मान. सुटा नेक घेणं हा या धाग्यातला सगळ्यात जोखमीचा व्यवहार, तरी लोक फोटोवर घेतात.

विचारायची मापं: स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी (३४ इंच की ३०), टाचेची म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाची रुंदी (फेंडर पद्धतीच्या बासला ६२ ते ६३.५ मिमी), टाचेची जाडी, नटची, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी (जाझ ३८ मिमी, प्रिसिजन साधारण ४१-४२), फ्रेटची (आडव्या धातूच्या पट्ट्यांची) संख्या. २० फ्रेटच्या बासवर २४ फ्रेटचा नेक 'बसतो' म्हणणाऱ्याला ब्रिज कुठे सरकवायचा ते विचारा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराची दुप्पट म्हणजे स्केल. ते अंतर टाचेवर आणि ब्रिजवर जुळलं नाही तर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर अचूक सूर) कधीच येणार नाही.

ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, वाक सांभाळणारी सळई) व्हिडिओ मागा. रॉडचा नट पाव फेरा सैल, पाव फेरा घट्ट, दोन्ही वेळा विरोध जाणवला पाहिजे. गरगर फिरत असेल तर रॉड तुटलाय किंवा आटे गेलेत. अजिबात फिरत नसेल तर आमच्या दमट पट्ट्यात बहुधा गंजून धरलाय, आणि तिथे जोर लावणं म्हणजे षटकोन गोल करणं.

रिलीफ (नेकचा हलका वाक) तारा चढवल्याशिवाय मोजता येत नाही, म्हणून बासवर लावलेलाच नेक बघावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्याच्या मध्ये तार आणि फ्रेट यात ०.३ ते ०.४ मिमी फट असली की उत्तम. जुलैत बघितलेला नेक मार्चमध्ये तसाच राहणार नाही, रॉड चालू असेल तर त्याची फिकीर नाही. पिळवटलेला नेक मात्र रॉडने सरळ होत नाही. नटकडून ब्रिजकडे एक डोळा मिटून बघा, ई आणि जी तारेच्या बाजू वेगवेगळ्या वाकल्या असतील तर हात जोडून परत या.

स्क्रूची भोकं जुळत नसतील तर घाबरू नका. कठीण लाकडाची खुंटी फेविकॉलने ठोकून, वाळल्यावर समतल करून नवी भोकं पाडता येतात.

आंबोळी

+१. वाचनखूण साठवली. आता पेडल घेऊया, कारण सर्वात जास्त घोटाळे तिथेच होतात.

डागकाम

पेडलचा मृत्यू बहुतेकदा अडॅप्टरने होतो, वाजवून नाही.

बहुतेक पेडलला ९ व्होल्ट डीसी, पिनच्या मध्ये ऋण, ५.५/२.१ मिमीची पिन. बाजारातले सेट टॉप बॉक्सचे, राउटरचे अडॅप्टर त्याच पिनचे पण मध्ये धन, आणि बरेचसे १२ व्होल्टचे. पिन बसते म्हणून घालतात. उलटं घातलं तर आतला संरक्षक डायोड शॉर्ट होऊन स्वतः जळतो आणि सर्किट वाचवतो. १एन४००१ सारखा डायोड काही रुपयांचा. झाकण काढल्यावर पिनजवळचा करपलेला डायोड दिसला तर आनंदाने किंमत पाडा, तो बदलला की पेडल बहुधा जिवंत होतं. काही पेडलना डायोडच नसतो, तिथे आयसी जातो.

जास्त व्होल्टेजचं प्रकरण वेगळं. साध्या ओव्हरड्राइव्हचा (आवाज फाटका करणाऱ्या पेडलचा) ऑपअँप (सिग्नल वाढवणारी आयसी) १८ व्होल्ट सोसतो, पण ज्यात ९ चे १८ करणारी चार्ज पंप आयसी आहे तिला मुळातच १०-१२ च्या पलीकडे झेपत नाही. अशा पेडलला १८ दिलं की ती जाते. विकणारा 'एलईडी लागते पण आवाज नाही' म्हणाला तर आधी ती बघा.

समोर तपासताना हा क्रम ठेवा. आधी बॅटरीवर, अडॅप्टर न लावता. बायपासमध्ये (इफेक्ट बंद ठेवून) बास स्वच्छ येतो का. मग चालू करून प्रत्येक नॉब एकेक, बाकीचे मध्यावर ठेवून. फूटस्विच वीस वेळा सलग दाबा, एकदाही चुकला तर तो जाणारच. दोन्ही जॅकमध्ये केबल हलवा. बॅटरीचा कप्पा बघा, क्लिपवर हिरवं-निळं असेल तर गळलेली बॅटरी बोर्डपर्यंत पोहोचली का ते बघा. शेवटी अडॅप्टर, आणि मग अडॅप्टरची पिनही हलवून बघा. पिनचा सॉकेट सुटलेला असणं हा सर्वात जास्त आढळणारा दोष, आणि सोपाही.

सुरमई_पाचतार

बॉस कंपनीचा जुना बास कोरस (आवाज लहरता करणारं पेडल), सीई-टूबी, वेंगुर्ल्यात मिळतोय. एलईडी अगदी मंद, चालू केला की आवाज पडतो. विकणारा स्वतःच म्हणतोय सर्किट उडालंय, अर्ध्या भावात देतो. घ्यावा का?

डागकाम

खाली किंवा पिनजवळ 'एसीए' लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर काही उडालेलं नाही. जुन्या बॉस पेडलना एसीए अडॅप्टर लागायचा, नाव ९ व्होल्टचं पण रेग्युलेट न केलेला (व्होल्टेज स्थिर न ठेवणारा), प्रत्यक्षात १२ च्या आसपास देणारा. म्हणून पेडलच्या आत व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर आणि डायोड बसवलेला असायचा. त्याला आजचा रेग्युलेटेड ९ व्होल्टचा 'पीएसए' अडॅप्टर लावला की आत कमी पडतं आणि एलईडी मिणमिणते. ताजी ९ व्होल्टची बॅटरी घेऊन जा. बॅटरीवर एलईडी लख्ख आणि कोरस फिरतोय असं झालं की खिशात हात घाला.

घरी वापरायला १२ व्होल्टचा रेग्युलेटेड, मध्ये ऋण असलेला अडॅप्टर लावा. 'एसीए' खरंच लिहिलंय याची खात्री करून मगच, पीएसए लिहिलेल्या पेडलला १२ नाही द्यायचे.

सुरमई_पाचतार

एसीएच लिहिलंय. धन्स!

खारवट

विकणाऱ्यालाही खरं कारण सांगा हो. तो बिचारा अर्ध्या भावात देतोय.

वेताळबांबर्डे

आता ही धर्मशाळा नाय, बाजार आसा. पण सांगूक हरकत नाय, पैसे दिल्यावर. 😀

लो-बी

गिटारचं पेडल बासला घेताना कागदावरचं गणित बघा. ई तार मोकळी ४१.२ हर्ट्झ, पाच तारांच्या बासची बी ३०.९. पेडलच्या तोंडाशी ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १०० किलोओहमचा इनपुट असेल तर १५९ हर्ट्झच्या खालचं उतरत जातं, म्हणजे तुमची ई तार अर्धी बाहेरच. तोच कपॅसिटर १ मेगओहमसमोर असेल तर १६ हर्ट्झ, काही चिंता नाही.

ट्यूब स्क्रीमर (गिटारचं गाजलेलं पेडल) जातीच्या ओव्हरड्राइव्हमध्ये बास कापला जातो तो क्लिपिंगच्या (आवाज फाटका करण्याच्या) टप्प्यात: ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड, म्हणजे ७२० हर्ट्झ. त्याच्या खाली ड्राइव्ह कमी कमी होत जातो. म्हणून या जातीची स्वस्त जुनी पेडल बासवाल्यांनी आवर्जून घ्यावीत, कारण एकच कपॅसिटर बदलला की काम होतं. ०.२२ टाकला तर साधारण १५४ हर्ट्झ, ०.४७ टाकला तर ७२. ०.४७ ला पाच तारांवर चिखल होतो असं माझं मत, ०.२२ पुरे. काढलेला मूळ कपॅसिटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेडलच्या आतच चिकटवून ठेवा, पुढे विकताना 'मॉड केलेलं' म्हणून भाव पाडणाऱ्याला तो दाखवता येतो.

स्वच्छ आवाज मिसळायचा ब्लेंड नॉब असलेलं पेडल बासवर कधीही बरं. बॉस ओडीबी-३ ला तसा नॉब आहे. तो अर्ध्यावर ठेवून ऐकल्याशिवाय त्याला नावं ठेवू नका.

मांडवी_लोकल

नकली मालाबद्दल थोडं. ईएमजीच्या नावाचे नकली पिकअप सर्रास फिरतात. खरा ॲक्टिव्ह ईएमजी बॅटरीशिवाय आवाज देत नाही, कारण प्रीअँप पिकअपच्या आतच असतो. बॅटरी काढल्यावरही नीट वाजला तर तो ॲक्टिव्ह नाही. (कंपनीचे एचझेड मालिकेतले पॅसिव्ह पिकअप खरे असतात, ते वेगळे.) नेकच्या हेडस्टॉकवरचा लोगो हा पुरावा धरू नका, तो स्टिकर असतो आणि कोणीही लावू शकतो. टाचेवरचे शिक्के, ट्यूनर, भोकांची जागा हे सगळं एकत्र बघा.

मल्टीइफेक्टमध्ये झूम कंपनीची छोटी युनिट इथे भरपूर फिरतात. घेताना आधी फॅक्टरी रीसेट करायला लावा, कोणाचे पॅच (साठवलेली सेटिंग) आहेत त्याने आवाज ठरवू नका. एमएस-६०बी ला दोन एए बॅटऱ्या लागतात, तो कप्पा गळलेला नाही ना ते बघा. स्क्रीनवर मेलेल्या रेषा, आणि फूटस्विच दाबल्यावर दोनदा उडी मारणं, हे दोन दोष विकणारे सांगत नाहीत.

भाव. आधार आजच्या नव्या किमतीचा धरा, विकणाऱ्याने पूर्वी किती दिले त्याचा नाही. चालू मॉडेल, डब्यासकट, झाकणाखाली स्वच्छ: साठ ते पासष्ट टक्के. जॅक किंवा स्विच डगमगत असेल तर दुरुस्तीचा खर्च आणि वर थोडी हेलपाट्याची किंमत वजा करा. 'रेअर' हा शब्द दिसला की पुढच्या वाक्याला भाव दीडपट झालेला असतो. बंद झालेलं मॉडेल आणि मागणी असलेलं मॉडेल यात फरक आहे.

आंबोळी

एक प्रश्न वारंवार येतो: विकणाऱ्याच्या घरी बास लावला की प्रचंड हम, मग घ्यायचा की नाही?

डागकाम

आधी घराचं अर्थिंग बघा. आपल्याकडे जुन्या घरांत, आणि मंडपात तर जास्तच, तीन पिनच्या सॉकेटला पुष्कळदा अर्थिंग नसतं. तारांना हात लावला आणि हम कमी झाला तर बास ठीक आहे, ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे. हात लावून काहीच फरक नाही तर ती वायर तुटली असेल. ब्रिजखालून येणारी एकच वायर, दहा मिनिटांचं काम. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अँप लगेच बंद करा, तो बासचा दोष नाही, तिथल्या वायरिंगचा किंवा अँपचा आहे. सिंगल कॉइलचा हम ट्यूबलाइट, डिमर, फ्रिजजवळ वाढतो, बास अंशाअंशाने फिरवला की कमी-जास्त होतो. तो धर्मच आहे त्याचा. बॅटरीवर चालणारा छोटा अँप बरोबर नेलात तर यातली निम्मी शंका जागेवर मिटते.

मांडवी_लोकल

पाठवणी. शक्यतो हातोहात. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण स्टेशनवर भेटून व्यवहार करणं सर्वात सोपं. ते जमत नसेल तर स्पीड पोस्ट किंवा पावती देणारं कुरिअर. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पेडल टाकून द्यायची पद्धत आहे, पण पावती नसते आणि डिकीत मासळीच्या पेट्यांचं पाणी असतं.

पेडल बांधताना बॅटरी काढा. नॉब बाहेर येत असतील तर त्यांच्या उंचीएवढी थर्माकोलची चौकट लावा, नाहीतर खोका आपटला की पॉटचा दांडा आत जातो आणि बोर्डाला चीर पडते. आधी झिपवाली पिशवी आणि सिलिका जेल, मग बबल रॅप, मग खोका, आणि जून ते ऑक्टोबरमध्ये त्यावर प्लास्टिक. पिकअपच्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटू नये म्हणून वर टेप मारा. सगळा बास पाठवायचा तर चार स्क्रू काढून नेक वेगळा करा, तारा सैल करून, स्क्रू कागदात गुंडाळून बॉडीला चिकटवा.

पैसे: 'मी सैन्यात आहे, बदली झालीय, न बघता घेतो, क्यूआर पाठवतो' असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो ना यूपीआय पिन टाकावा लागतो. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसलात तर लगेच १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

सुरमई_पाचतार

शेवटचं विचारतो. सीई-टूबीबरोबर एक चिनी ओव्हरड्राइव्ह मिळतंय, फूटस्विच खराब. नऊ पायांचा आहे. जवळपास मिळेल का?

डागकाम

नऊ पायांचा म्हणजे थ्रीपीडीटी. तालुक्याच्या ठिकाणी क्वचित. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, शंभर-दोनशेच्या आसपास. मागवताना वायर जोडायच्या चपट्या पायांचा की बोर्डात बसणाऱ्या पिनांचा ते आधी झाकण उघडून बघा, दोन्ही दिसायला सारखे आणि एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुना काढताना पायांना एका वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त सोल्डरिंग धरू नका, नव्यालाही नाही. आतलं प्लास्टिक वितळतं आणि कोरा स्विच पहिल्याच दिवशी अडकतो.